लोहाराच्या लेकीची गादी

जिच्या सुरुवातीला नकाशा आणि शेवटी वंशावळ नाही, अशी कादंबरी सुसंस्कृत माणसानं हातात धरू नये. थॉर्नबी गावच्या वाचनालयात दर गुरुवारी भरणाऱ्या ‘राखाडी सिंहासन वाचक मंडळा’चं हे पहिलं कलम आहे आणि ते योग्यच आहे.

मंडळाचा अध्यक्ष क्लेमंट ऑल्डरशॉ, निवृत्त पोस्टमन. जे देश नाहीतच, तिथले रस्ते त्याला तोंडपाठ. (चष्मा कुठे आहे, ते मात्र बायकोला विचारावं लागतं.) ‘राखाडी सिंहासन’ ही कादंबरीमालिका तीन खंडांत संपणार होती, अकरा झाले. प्रश्न एकच उरला होता : लोहाराची लेक एल्विना गादीवर बसते की नाही? या एका प्रश्नावर क्लेमंटनं सव्वीस वर्षं काढली. एल्विनाचं एकदा मार्गी लागू दे, म्हणून गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा त्यानं पुढे ढकललं होतं.

आणि मे महिन्यात बारावा, शेवटचा खंड आला!

पण उघडायचा कसा? कलम सात : नवा खंड उघडण्यापूर्वी प्रत्येक सभासदानं मागचे सर्व खंड वंशावळीसकट पुन्हा वाचावेत. पोटकलम (ब) : वाचनात विसंगती आढळल्यास सर्वांनी पुनश्च पहिल्या खंडापासून. हे पोटकलम खुद्द क्लेमंटनंच मंजूर करून घेतलं होतं. जूनमध्ये, तिसऱ्या खंडात मेलेला घोडा चौथ्यात पाणी पिताना आढळला. ऑगस्टमध्ये राणीचे निळे डोळे हिरवे निघाले. दोन्ही वेळा सभासदांनी टाळ्या वाजवल्या, आल्याची बिस्किटं खाल्ली आणि हौसेनं पहिला खंड उघडला. (मंडळाच्या पाहणीनुसार सभासदांचं समाधान ९७ टक्के. उरलेली तक्रार बिस्किटांबद्दल.)

इकडे घरी क्लेमंटची बायको विनिफ्रेड हिनं इस्त्री करता करता दोन दुपारींत बारावा खंड वाचून टाकला. एकदम बारावा! कलम नाही, काही नाही.

“बरंय,” ती म्हणाली. “उगाच लांबण लावलीय, पण बरंय.”

क्लेमंट पांढराफटक पडला. “विनी, एक शब्द बोललीस तर बघ!”

“मी कुठं काय बोलतेय? छपराची पन्हळ तेवढी तुंबलीय, सहा वर्षं झाली. नाही साफ झाली तर माझं तोंड सुटेल कधीतरी. त्या लोहाराच्या पोरीचं ना...”

“चढतो! चढतो म्हटलं ना!”

पन्हळ झाली. बागेतली खोपटी रंगवून झाली. मेहुणीकडचं रविवारचं जेवण तर क्लेमंट हसतमुखानं जेवला. अडतीस वर्षांच्या संसाराला जे जमलं नाही, ते साहित्यानं चार महिन्यांत करून दाखवलं. ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचं ऑपरेशनही ठरलं.

आत नेताना मात्र त्याचा धीर सुटला. त्यानं विनिफ्रेडचा हात घट्ट धरला. “विनी, काही झालंच माझं, तर... सांगून टाक गं. बसते का ती गादीवर?”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण बाई पक्की. “काही होत नाही तुला. मुकाट्यानं बरा होऊन घरी ये. अजून पोटमाळा आवरायचाय.”

क्लेमंट हसत हसत आत गेला आणि ठणठणीत बरा झाला. सध्या तो दुसऱ्या खंडात आहे.

शेवट विनिफ्रेडनं मला सांगितलाय. तुम्ही या मालिकेचं एक पानही वाचलेलं नाही, तरी एल्विनाचं काय झालं ते ऐकायला थांबला आहात, हे मला दिसतंय. सांगतो की. पण आधी मला सांगा, तुमच्या घरचा माळा शेवटचा कधी आवरला होता?