लाल शाईतली ट्रक

"ट्रकेत!" शरच्चंद्र दाभेकर सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं विनोदिनी, 'ट्रकेत' लिहिलंय! तो ट्रक, ट्रकात! या घाटावरच्यांनी ट्रकालासुद्धा लुगडं नेसवलं!"

पत्र साताऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहाचं होतं. सरांची एकुलती एक श्रिया बारावी होऊन तिकडच्या कॉलेजात निघाली होती. १९९६ साली दाभेकरांच्या घरातून घाट चढून शिकायला जाणारी ती पहिलीच मुलगी, त्यामुळे सरांचा ऊर भरूनही आला होता आणि धडधडतही होता.

वसतिगृहाच्या टाइपरायटरचा अनुस्वार मोडला असावा, कारण अख्ख्या पत्रात एकही नव्हता. 'सबधित' काय, 'बारापर्यत' काय! पोलादपुरात तीस वर्षं मराठी शिकवलेल्या सरांनी लाल शाईने एकूणएक अनुस्वार जागच्या जागी बसवले. 'ट्रकेत' या शब्दाशी मात्र त्यांचं भांडण लागलं ते लिंगावरून, आणि त्या रागात इथेही एक टिंब गळालं असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. वाचकहो, तुमच्या आलं असेल. पण तुम्ही तीस वर्षं वह्या तपासलेल्या नाहीत.

दुरुस्त झालेलं पत्र सरांनी खड्या आवाजात वाचलं. "'सर्व सामान एकाच ट्रकात आणावे. ट्रकाला मजबूत कुलूप असावे. ट्रकावर विद्यार्थिनीचे पूर्ण नाव रंगवलेले असावे. त्याशिवाय आत घेतले जाणार नाही. सोमवारी दुपारी बारापर्यंत आत न आल्यास जागा दुसरीस दिली जाईल.'"

"अहो, एका पोरीचं सामान ते केवढं!" विनोदिनीबाई म्हणाल्या. "मला वाटतं, पेटी न्यायची असते."

"पेटी न्यायची असती तर पेटी लिहिलं असतं. सहीशिक्क्याचं पत्र आहे हे!"

"पण बाबा, सगळ्याच मुली ट्रक घेऊन आल्या तर?" श्रियाने विचारलं.

"म्हणून तर नाव रंगवायला सांगितलंय. अदलाबदल व्हायला नको."

तरी विनोदिनीबाईंनी हट्ट धरून त्यांना एसटी स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये पिटाळलं. फोनमध्ये पापड तळल्यासारखा आवाज येत होता. पलीकडून वसतिगृहाचा कारकून ओरडला, "हवीच! नावासकट हवीच!"

"हवाच!" सर ओरडले.

"हो, हवीच!"

"हवाच म्हणा हो, हवाच!"

पलीकडच्याने फोन आपटला. सर बाहेर आले ते खात्री पटवून घेऊन.

ट्रक होता इस्माईलचा. त्याला सरांनी 'नीट वाचून लिहीत जा' म्हणत चौथीत दोनदा बसवलं होतं. तरी, किंवा म्हणूनच, त्यांचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता.

"सर, ट्रक तुमचाच हाय. पन नाव रंगवायचं बोलता, तितं माझ्या आईचं नाव हाय."

"आईचं नाव पुढे राहू दे. मागच्या फाळक्यावर श्रियाचं घालू."

दोन दिवसांत फाळक्यावर फूटफूट उंचीची अक्षरं झळकली: 'कु. श्रिया शरच्चंद्र दाभेकर'. त्याखाली नारळाएवढं कुलूप. श्रिया त्या रस्त्याने जायचीच बंद झाली.

आता ट्रक म्हटल्यावर तो भरायलाही हवा. दोन गाद्या आणि एक बादली घाटात इकडून तिकडे उड्या मारतील. म्हणून कपाट चढलं, पाटा-वरवंटा चढला, तांदळाची पोती चढली. उमरठ गावाहून सरांच्या आत्या प्रयागबाई आल्या त्या लाकडाच्या मोळ्या घेऊनच. "पोर घाटावर चालली गो, तितं तिला जळान कोन देनार?"

सोमवारी उजाडताच ट्रक आंबेनळी घाटाला लागला. साडेअकराला साताऱ्यात वसतिगृहासमोर पोचला, तर काय! फाटकाबाहेर तीस-एक मुली आपापल्या पत्र्याच्या ट्रंकांवर रडकुंडीला येऊन बसलेल्या, आणि वॉचमन त्याच टाइपरायटरवरचा कागद नाचवत होता. "ट्रक न्हाई तिला आत न्हाई! रेक्टरबाई उद्या येत्यात. मला कागदावर हाय तेवढंच कळतं!"

इतक्यात त्याला फाळका दिसला. "आली! या सायेब, या! एवढ्यांत तुमचंच तेवढं बरोबर हाय." फाटक सताड उघडून त्याने ट्रक आत घेतला.

सरांनी मागे वळून पाहिलं. ट्रंका. प्रत्येकीवर रंगवलेलं नाव, प्रत्येकीला कुलूप. ते एकच टिंब! तीस वर्षं इतरांच्या चुका काढल्या आणि नेमका आपल्या पोरीच्या वेळी डोळा फुटला! गप्प राहिलो तर श्रियाची जागा पक्की. पण बाहेर एक मुलगी तिच्या वडिलांचा सदरा धरून हुंदके देत होती. सरांना ते पाहवेना. त्यांनी वॉचमनचा कागद ओढून घेतला आणि लाल शाईने टिंब दिलं.

"लाल शाई म्हंजे दुरुस्ती आली," वॉचमनने मान डोलावली. मुली ट्रंका ओढत आत पळाल्या. मग तो श्रियाकडे वळला. "आता तुमची ट्रंक कुठाय?"

सरांनी ट्रकाकडे पाहिलं. ट्रकात पाटा होता, लाकडं होती, एक ट्रंक तेवढी नव्हती.

"नियम म्हंजे नियम. पोरीला बाहेर काढा."

"बाबा..." श्रियाने घड्याळाकडे बोट दाखवलं. बाराला चार मिनिटं होती. सरांनी पुन्हा पेन उघडलं. उभ्या आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: धडधडीत चुकीचा शब्द कागदात घुसडला. 'ट्रंक किंवा ट्रक'.

वॉचमनने बोट ठेवून वाचलं. "किंवा... ट्रक. मग बरोबर हाय. जा गं पोरी."

श्रिया आत धावली. जिन्यावरून तिने हात हलवला तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. सामान उतरलं, इस्माईलने गाडी सुरू केली. वॉचमनने मात्र फाटकाला कुलूप घातलं.

"अहो, आम्हाला जायचंय!"

"तुमी जावा की. ट्रक राहील." त्याने कागद उलटा केला. "मागं लिवलंय, फकस्त माझ्यासाठी. 'आत आलेली ट्रक वार्षिक परीक्षेपर्यत बाहेर सोडू नये.' टिंब दिलंत तरी फुडं 'ट्रंक किंवा ट्रक' हाय. तुमीच लिवलंय."

सरांचा हात नकळत पेनाकडे गेला. तेवढ्यात इस्माईल खाली उतरून शेजारी येऊन उभा राहिला.

"सर," तो म्हणाला, "आता तरी नीट वाचून लिवा."