वणवा मिरची आणि गुंडोपंतांची जीभ

एका जंगलात, म्हणजे जंगलं अजून शिल्लक होती तेव्हाच्या एका जंगलात, गुंडोपंत नावाचं एक अस्वल राहत होतं. हसू नका. तुमच्या शेजारच्या कुत्र्याचं नाव ब्रूनो आहे, तेव्हा कोणी हसलं नाही.

तर या गुंडोपंतांची जीभ जंगलभर नावाजलेली होती. बोटभर मध चाटला की डोळे मिटून ते सांगत, "हा जांभळाचा. पूर्वेकडच्या उतारावरचा. आणि पोळं जरा घाईने काढलंय." कोणाकडे बारसं असलं, की बाळाच्या जिभेवर लावायचा मध गुंडोपंतच निवडून देत. हरणाच्या पाडसाला हलका, गव्याच्या वासराला दाट. त्यासाठी प्राणी लांबलांबून येत.

त्यांना स्वतःला मात्र ओढ होती कारवीच्या मधाची. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते, बाळांनो. मागच्या फुलोऱ्यात गुंडोपंतांचं लग्न झालं होतं. नव्या नवरीला, म्हणजे आवडाबाईंना, त्यांनी कड्यावरचं पोळं आणून भरवलं होतं. तेव्हापासून दोघं पुढच्या फुलोऱ्याकडे डोळे लावून बसली होती, आणि आता तो जवळ आला होता.

नेमकी तेव्हाच जंगलात वणवा मिरची आली.

कुठून आली ते विचारू नका. असल्या गोष्टी लांबूनच येतात. शेजारच्या धोंडिबा रानडुकराने फुटक्या माठात पहिलं रोप लावलं. बघता बघता बिळाबिळाच्या दाराशी कुंड्या दिसू लागल्या. पानं जरा आकसली, की घरात सुतक पडल्यासारखं व्हायचं. "आंबट ताक फवारा," एक सांगे. "चुलीतली राख टाका," दुसरा सांगे. पिल्लांच्या वाट्याचं ताक रोपांना जाऊ लागलं. धोंडिबा तर दिसेल त्याच्या नाकाशी मिरची धरून म्हणे, "खाऊ नका हो, नुसता वास घ्या!" वास घेणारा दुसऱ्या दिवसापर्यंत शिंकत राही. धोंडिबाला त्याचा कोण अभिमान!

आता मिरची पिकली म्हणजे खायला हवी. आणि घरात गुपचूप खाऊन उपयोग काय? मग दर रविवारी सगळे कातळावर जमू लागले. माकडं मोबाइल धरून समोर बसत. मिरची चावायची आणि डोळ्यांत पाणी आणायचं नाही, असा नियम ठरला. ज्याच्या डोळ्यांतून टिपूस गळलं, त्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत जंगलभर फिरे. एकदा वाघोबा आले. अर्धी मिरची खाल्ली, "मला जरा काम आहे" म्हणाले आणि निघाले. काम ओढ्यावर होतं. दुपारपर्यंत ते पाण्यात तोंड बुडवून बसले होते.

अशात एका रविवारी हिरोजी पोपट आला. त्याने एक मिरची खाल्ली. दुसरी खाल्ली. टोपलीत होत्या तेवढ्या सगळ्या खाल्ल्या, फांदीवर चोच पुसली आणि विचारलं, "पेरू आहे का हो कोणाकडे?"

कातळावरचे सगळे उठून उभे राहिले. मग धोंडिबाने त्याच्यासमोर लोटांगण घातलं.

"महाराज, हे कसं जमलं?"

"त्यात काय जमायचंय?" हिरोजी म्हणाला. "खायचं."

झालं! खडकाखडकावर 'खायचं' असं लिहिलं गेलं. हिरोजीला वडाची सगळ्यात उंच फांदी मिळाली. सकाळी त्याचं दर्शन, संध्याकाळी शिबिर. शिबिरात तो पेरू खाई आणि बाकीचे मिरच्या खात.

गुंडोपंत या भानगडीपासून लांब होते. पण लांब राहणाऱ्याला कोणी सुखाने राहू देतं का? एक दिवस धोंडिबा त्यांच्या दाराशी येऊन मोठ्याने म्हणाला, "असू द्या हो गुंडोपंत. तुमचं आपलं गोडधोडाचं बरंय. सगळ्यांनाच कुठे छाती असते?"

माकडं खिदळली. गुंडोपंतांच्या ते फार जिव्हारी लागलं. एवढं मोठं अस्वल, पण रात्रभर कूस बदलत राहिलं.

सकाळी त्यांनी धोंडिबाकडून रोप मागून आणलं. आवडाबाई दारातच कडाडल्या.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? ही जीभ काय चेष्टेवारी घालवायची चीज आहे? कारवीला कळ्या धरल्यात!"

"अगं, एखादीच खाईन. लोक काय म्हणतात ऐकलंस ना?"

"तेच लोक बारशाला मध मागायला तुमच्याच दारात येतात. म्हणू देत काय म्हणायचं ते."

पण गुंडोपंतांनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती, आणि तुम्ही एव्हाना झोपला असता.

पहिली मिरची खाल्ली त्या दिवशी ते गुहेभोवती धावले. माती चाटली. शेवाळ चाटलं. शेजारच्या सशाच्या पाठीवर दव होतं, तेही चाटलं. माकडांनी सगळं टिपून घेतलं. गुंडोपंतांना भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेपायी त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ली. मग रोज खाऊ लागले. हळूहळू धावणं थांबलं. मग डोळ्यांतलं पाणी थांबलं. आणि एका रविवारी त्यांनी कातळावर बसून मूठभर वणवा मिरची चघळली, आणि त्यांना काही म्हणजे काहीच झालं नाही.

"गुंडोपंत की जय!" धोंडिबाने स्वतः हार घातला. गुंडोपंत घरी आले ते नाचतच.

त्याच आठवड्यात कारवी फुलली. सगळा डोंगर जांभळा झाला. पुढे कड्यावर पोळी लटकली. गुंडोपंतांना त्या दिवसांत सत्कारांमधून सवड नव्हती, म्हणून आवडाबाई एकट्याच कडा चढल्या. आग्या माशांनी त्यांचं नाक सुजवून टाकलं. पण पोळं घेऊन उतरल्या, आणि पळसाच्या पानावर ठेवून ते नवऱ्यासमोर सरकवलं.

"घ्या. पहिला घास तुमचा."

गुंडोपंतांनी डोळे मिटले. चाटलं. पुन्हा चाटलं. मग अख्खा तुकडा तोंडात घातला.

"कसाय?"

"छान आहे."

"छान म्हणजे कसा? कुठल्या कड्यावरचा आहे, सांगा बरं."

गुंडोपंतांनी पुन्हा तोंडभर जीभ फिरवली. तोंडात काहीतरी चिकट आहे, एवढंच त्यांना कळत होतं. आवडाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि त्यांना सगळं कळलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुंडोपंत उठले ते तडक वडाखाली गेले.

"महाराज, माझी जीभ गेली! तुम्ही माझ्या दसपट खाता. तुमची कशी शाबूत राहिली?"

"मला मिरची तिखट लागतच नाही," हिरोजी म्हणाला. "आम्हा पाखरांना कुणालाच लागत नाही. त्या चिमणीला विचार हवं तर."

"मग आधी का नाही बोललात?"

"कोणी विचारलं? तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मला वाटलं, माझी भूक चांगली आहे त्याचं कौतुक चाललंय."

गुंडोपंत धावत कातळावर गेले. शिबिरासाठी सगळे जमू लागले होते. ते ओरडले, "अरे, थांबवा हे! त्या पोपटाला तिखट लागतच नाही!"

सगळ्यांनी माना वळवल्या. मग धोंडिबाने हात जोडले आणि भक्तिभावाने डोळे मिटले.

"ऐकलंत? लागतच नाही! केवढी ही पोहोचलेली अवस्था!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुंडोपंत काय सांगत होते ते पुढे कोणाला ऐकूही गेलं नाही.

ते घरी आले आणि अंगणात मटकन बसले. मोठ्याने रडले. मिरची न खाता रडले, म्हणून माकडांनी मोबाइल काढले नाहीत.

आवडाबाई जवळ येऊन बसल्या. त्यांनी पोळ्याचा एक तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. बराच वेळ घोळवला.

"आधी जरा कडवट आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मग मागून गोडी येते. सावकाश. ओल्या दगडाचा वास आहे त्याला."

"उत्तरेचा कडा," गुंडोपंत पुटपुटले. "अजून सांग."

तात्पर्य : घराघरांत वणवा मिरची लावावी. ज्याला काहीच जाणवत नाही, त्याला गुरू करून उंच फांदीवर बसवावं. आणि ज्यांना अजून जाणवतं, त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. रोज थोडा सराव ठेवला, तर त्यांचंही जाणवणं जातं, आणि चारचौघांत ताठ मानेने बसता येतं.