श्रीफळाचा ट्रे

एका जंगलात, बाळांनो, एक इस्पितळ होतं. हाताची घडी घाला आणि ऐका. जांभया नकोत.

तिथं हौसा नावाची सांबरीण भरती होती. पाडस गेल्यापासून तिनं गवताला तोंड लावलं नव्हतं. उठेना, बोलेना. औषधं हरली. तेव्हा डॉक्टर अस्वलराव म्हणाले, "आता शॉक देऊ. भूल देऊनच देतात, घाबरू नका."

शॉकनं आकडी येते. मिनिटभरात आपली आपण थांबते. दोन मिनिटं उलटली तर मात्र थांबवायचं इंजेक्शन द्यावं लागतं. ते पलंगाशेजारच्या ट्रेमध्ये तयार असतं.

नेमकं त्या दिवशी शॉकच्या नव्या मशीनचं उद्घाटन होतं. वाघमहाराज येणार! शाल-श्रीफळाला ट्रे नको? व्यवस्थापक कोल्हेसाहेबांनी तोच उचलला.

"अहो, त्यात इंजेक्शन आहे!" सिस्टर टिटवी ओरडली.

"तुमची सदा कटकट! कपाटात ठेवलंय नीट. पाहुण्यांना शाल काय पानावर देऊ?"

हौसाला भूल दिली. महाराजांनी बटण दाबलं, तिला शॉक बसला. टाळ्या. मग ते कपाटाला टेकलेल्या खुर्चीत बसले आणि बसूनच भाषण सुरू केलं.

मिनिट झालं. दोन झाली. हौसाचे पाय थरथरायचे थांबले.

"थांबली बघा!" कोल्हेसाहेब कुजबुजले.

"पाय थांबले, मेंदू नाही!" टिटवी म्हणाली. "मशीनवरची रेघ बघा, अजून नाचतेय!"

अस्वलरावांनी एका हातानं प्राणवायूचा मास्क धरला, दुसरा सवयीनं शेजारी सजवून ठेवलेल्या ट्रेकडे नेला. हाताला नारळ लागला.

"कपाट उघडा!"

"भाषण तर संपू दे," कोल्हेसाहेब म्हणाले. अस्वलरावांनी महाराजांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तीन मिनिटं झाली.

टिटवी उडाली ती थेट महाराजांच्या कानाशी. "उठा आधी! ती मरेल!"

आणि काय सांगू, महाराज चक्क उठले! इंजेक्शन मिळालं. रेघ शांत झाली.

पुढचे शॉक नीट पार पडले. एका सकाळी हौसानं आपणहून गवत मागितलं. टिटवीला रडूच कोसळलं.

त्याच सकाळी तिला नोटीस मिळाली. प्रमुख पाहुण्यांना भाषणाच्या मध्येच उठवल्याबद्दल. उत्तम नियोजनासाठी कोल्हेसाहेबांचा सत्कार झाला. नारळ त्याच ट्रेमधून दिला.

तात्पर्य: ट्रे एकच असेल तर तो नारळालाच द्यावा. पेशंटला काय कळतंय, तो झोपलेला असतो. पाहुणे जागे असतात.