टिपणीस सर चालून दाखवतात

टिपणीस सर हत्तीसारखे डुलत ऑफिसातून गेले, तर आमच्याकडे कुणी मान वर करून बघत नसे. हत्ती कुणी काढलाय, एवढंच विचारत.

नोएडात तेव्हा इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. आमच्या खिडकीतून एकीकडे नवी काच चमकायची, दुसरीकडे मोहरीची शेतं. आठवडाभर आम्ही परदेशी कंपन्यांच्या कार्टून मालिका करायचो आणि शनिवारी दुपारी आपापल्या छोट्या फिल्म सरांना दाखवायचो. सर मूळचे ठाण्याचे, पन्नाशी उलटलेले. करोल बागेत शिवलेला सफारी घालून समोर बसायचे. फिल्म संपली की एक शब्द न बोलता उठायचे आणि तुमच्या पात्रासारखं चालायला लागायचे.

आमच्या गुरप्रीतने म्हशीवर फिल्म केली होती. सर म्हैस होऊन दोन टेबलांमधून गेले, परत आले आणि म्हणाले, "गुरप्रीत यार, ये भैंस है कि पतंग? वज़न कहाँ है?" गुरप्रीतचं तोंड उतरलं. तेवढ्यात सरांनी पुढे जोडलं की शेपटी मात्र बिल्कुल खरी आहे, अशी शेपटी त्यांना जन्मात जमली नसती. गुरप्रीतने आनंदाने सगळी म्हैस पुन्हा काढली. फक्त शेपटीला हात लावला नाही.

एकदा शालिनीच्या फिल्ममधला चोर चालून बघायला ते जिन्यात गेले. खाली गार्ड नवा होता. त्याने सरळ सरांची कॉलर धरली. सर इतके खूश, की त्याला तसाच वर घेऊन आले. "शालिनी, तुझा चोर पास. हा बघ, दाखला आणलाय."

"वाईट आहे" असं सर कधीच म्हणत नसत. मला काय दिसलं ते मी सांगतो, तुला काय दाखवायचं होतं ते तू सांग, अशी त्यांची पद्धत. मी उदगीरचा, घरातला पहिला पदवीधर. चुकलं की छडी, एवढंच मला माहीत. चूक इतक्या मजेत दाखवता येते, हे मला सरांकडे कळलं.

मग माझी पाळी आली. दिवाळीला अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच दिल्लीला येणार होते. मुलगा कार्टून काढतो हे सांगायला ते लाजत. "कॉम्प्युटरवर असतो," म्हणत आणि विषय बदलत. माझं काम त्यांना एकदा कळावं, म्हणून मी दोन मिनिटांची फिल्म केली होती. एसटी स्टँडवर बाप मुलाला सोडायला येतो, हात हलवतो, बस जाते, बाप घराकडे वळतो.

सर उठले. झेरॉक्स मशीनला बस केलं, हात हलवला, वळले. मान हलवून परत मशीनपाशी गेले. पुन्हा हात हलवला. या वेळी वळलेच नाहीत.

"सर हँग हो गए," गुरप्रीत कुजबुजला. सगळे हसले. हसण्यासारखंच होतं, कारण आमच्याकडे पात्र जरा स्थिर राहिलं की परदेशातून निरोप यायचा, चित्र अडकलंय का? थांबणं म्हणजे चूक, हे आमच्या हातात भिनलं होतं.

"सुधाकर," सर मशीनकडे बघतच म्हणाले, "तुझा बाप फार लवकर वळला."

"पण सर, बस गेली ना."

"बस गेली. त्याला कुठं जायचं होतं?"

मग त्यांनी तसंच उभं राहून सांगितलं. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मुलाला पालमच्या विमानतळावर सोडलं. काचेचं दार मिटलं, आतलं काही दिसेना, तरी ते बघत राहिले. शेवटी टॅक्सीवाल्यानं खांदा हलवला. "घरी जाऊन तरी कुणाशी बोलणार होतो?"

मी पेन्सिल काढली. "सर, तसेच उभे राहा. काढून घेतो."

सर उभे राहिले. आधी हात खाली आला, मग खांदे. मान मात्र तशीच. गुरप्रीतने झेरॉक्स मशीन हळूच ढकलत बाजूला नेलं. सरांची नजर त्याच्यामागून गेली आणि मी भराभर काढत राहिलो.

दिवाळीत अण्णांनी ती फिल्म पाहिली. स्टँडवरचा बाप उभा होता, उभाच होता. फिल्म संपल्यावर अण्णांनी ती पुन्हा लावायला सांगितली.

मग म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं? तू तर बसमध्ये होतास."

"चला, त्यांच्याकडेच नेतो," मी म्हणालो आणि फराळाचा डबा उचलला.