लॉफ्टला शोभेल असा भाडेकरू

जिंतूरच्या एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालेल्या सारंगला राहायला घर हवं होतं, एवढीच मूळ बाब. त्याचं गाव राणीसावरगाव. तिथून रोज एसटीनं यायचं म्हटलं, तर कार्यालय सुटायच्या वेळेला माणूस हजर व्हायचा, आणि तो मान कार्यालयात फक्त वरिष्ठांना होता.

एकट्याला एखादी खोली पुरली असती. पण लग्न जमत आलं होतं. बोरीच्या शाळेत शिकवणारी ईश्वरी त्याला मनापासून आवडली होती, आणि तिलाही तो आवडला होता. ही गोष्ट बसस्टँडजवळच्या रसवंतीवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होती. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. दिनकरराव हे निवृत्त ग्रामसेवक, त्यामुळे पाहणी केल्याशिवाय कशालाही मंजुरी द्यायची नाही हा त्यांचा स्वभावच झाला होता.

"पोरगा पसंत हाय," ते म्हणाले. "पन आमच्यात पोरगी घर बगून द्यायचा दस्तूर हाय. घर दाखवा, मंग सुपारी फोडू."

"मला एक खोली असली तरी चालंल," ईश्वरी सारंगला बाजूला म्हणाली होती. "नळ तेवढा असावा."

सारंगनं हे प्रेमापोटी बोललेलं वाक्य समजून सोडून दिलं आणि तो सासऱ्यांचे डोळे दिपतील असं घर शोधायला लागला.

नेमका त्याच सुमारास जुन्या पेठेतल्या व्यंकटरावांचा माळा भाड्यानं निघाला होता. व्यंकटराव आडतीचे व्यापारी. खाली दुकान आणि वर सरकीची पोती टाकायचा माळा. त्यांची मुलगी अर्पिता पुण्याहून घरसजावटीचं शिक्षण घेऊन परत आली होती. तिनं माळ्यावरची पोती काढली, भिंतींचा गिलावा खरवडला, लांब वायरीला एक उघडा बल्ब टांगला आणि खाली पाटी लावली : 'लक्झरी हेरिटेज लॉफ्ट'. उंदीर मात्र मूळचे रहिवासी म्हणून ठेवले.

"गिलावा कामून काढला?" सारंगनं विचारलं.

"विटा दिसाव्यात म्हणून," अर्पिता म्हणाली.

"आमच्या गावात भिताडाला गिलावा न्हाई म्हनून सोयरीक मोडती."

"तिथं तो लावलेला नसतो. इथं तो काढलेला आहे. फरक समजून घ्या."

न्हाणीघराला दार नव्हतं. त्याला ओपन कन्सेप्ट म्हणतात, असं कळलं. वर जायला जिना नव्हता, लोखंडी शिडी होती. तिच्यामुळे घराला उंची येते, असंही कळलं. शेवटी व्यंकटरावांनी खास आपुलकीनं सारंगच्या खांद्यावर हात ठेवला. "आमी जात-बीत काई मानत न्हाई बगा. पूर्ण नाव सांगा." पूर्ण नाव ऐकून झाल्यावर त्यांनी गाव, मामाचं गाव आणि कुलदैवतही न मानता विचारून घेतलं. सगळं जुळलं, आणि किल्ली मिळाली.

पेठ ऐतिहासिक कशी ठरली, हेही सांगायला हवं. नगर परिषदेनं त्या गल्लीला कित्येक वर्षं हात लावला नव्हता. गटार नाही, रस्ता नाही, दिवा नाही. लोक अर्ज करून बेजार झाले होते. अर्पितानं हीच वस्तुस्थिती 'अस्पर्शित परिसर' या सदरात बसवली, आणि 'जुनी पेठ वारसा संवर्धन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष व्यंकटराव, सचिव अर्पिता, आणि खजिनदार अर्पिताचा भाऊ हरिओम. समितीनं पहिल्याच बैठकीत गल्लीच्या तोंडाचा खड्डा संरक्षित घोषित केला. पुढं नगर परिषदेचा माणूस चुकून मुरमाची गाडी घेऊन आला, तेव्हा त्याला वारशाची जाणीव करून देऊन परत पाठवण्यात आलं.

सारंग राहायला आला आणि आठवड्याभरानं नळाला पाणी आलं. नळ खाली गल्लीत होता. त्यानं निळा प्लास्टिकचा ड्रम भरायला लावला, तर अर्पिता धावत आली.

"ड्रम दृश्यात बसत नाही. तांब्याची घागर वापरा."

"घागरीनं आठ दिवसांचं पानी शिडीवरून चढवू?"

"पूर्वीचे लोक चढवायचेच ना?"

पूर्वीचे लोक माळ्यावर राहत नव्हते, सरकी राहत होती, हे सारंगच्या तोंडावर आलं होतं. पण लग्न व्हायचं होतं. त्यानं घागर उचलली.

उन्हाळा लागला. माळ्यावरचे पत्रे असे तापले की उंदीरसुद्धा दुपारी खाली दुकानात जाऊन बसायला लागले. सारंगनं कूलर आणला. समितीनं तो 'कालविसंगत यंत्र' म्हणून नाकारला आणि वाळ्याचा पडदा लावायची परवानगी दिली. पडद्याला पाणी मारायचं असतं. ते पुन्हा घागरीनंच आणायचं होतं. मग समितीच्या हुकमानं त्याची मोटारसायकल गल्लीबाहेर गेली. मग दोरीवरच्या जीन्सवर हरकत आली. दोरीवर धोतर चालेल, असा ठराव झाला. आणि दोरीवर जर धोतर, तर अंगावर जीन्स कशी, हा प्रश्न पुढच्या बैठकीत आपोआपच निघाला. सारंगला एक धोतर आणि एक फेटा समितीतर्फे देण्यात आला, पोचपावती घेऊन.

हे सगळं कशासाठी, ते लवकरच उजेडात आलं. समितीकडं तासाचं भाडं भरून लॉफ्टवर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायला लागली. परभणीहून आली, सेलूहून आली, एक तर थेट नांदेडहून आलं. सारंग कार्यालयातून परतायचा, तर त्याच्याच पलंगावर कुणीतरी कुणाच्यातरी डोळ्यांत बघत बसलेलं असायचं.

"मी जाऊ कुटं?" त्यानं विचारलं.

"जायचं कशाला?" अर्पिता म्हणाली. "मागं घागर घेऊन उभे राहा. फ्रेम भरते."

अशा रीतीनं स्वतःच्या लग्नासाठी घेतलेल्या घरात सारंग दुसऱ्यांच्या लग्नाची फ्रेम भरायला लागला. तरी तो खूश होता. कार्यालयात त्याला आता 'लॉफ्टवाले साहेब' म्हणत होते.

पाहणीचा रविवार आला. दिनकरराव ईश्वरीला घेऊन गल्लीत शिरले. वर नांदेडच्या एका जोडप्याचे फोटो चालले होते, आणि शिडीपाशी धोतर-फेट्यातला एक माणूस खांद्यावर घागर घेऊन वर निघाला होता.

"ए बाबा," दिनकरराव म्हणाले, "सारंगराव वर हाईत का?"

"मामा, मीच की."

दिनकररावांनी त्याच्याकडं नीट पाहिलं नाही, कारण तोवर त्यांना विटा दिसल्या होत्या. ते वर चढले. भिंतीवर हात फिरवला, बल्बकडं पाहिलं, त्या जोडप्याला नमस्कार केला. त्यांचा ऊर भरून आला.

"लय भारी! असं घर अख्ख्या तालुक्यात न्हाई."

"पानी कुटून येतं?" ईश्वरीनं विचारलं.

"गप बस," दिनकरराव म्हणाले. "एवढ्या भारी घरात पानी इचारतेत का?"

तेवढ्यात हरिओम गाडीतून उतरून वर आला. जीन्स, गॉगल, हातात गाडीची किल्ली. दिनकररावांनी चौकशी केली. घर ह्यांचंच, दुकान ह्यांचंच, आणि पोरगा बिनलग्नाचा. निवृत्त ग्रामसेवकाच्या चेहऱ्यावर शासकीय समाधान पसरलं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

"सारंगराव, घर लय पसंत पडलं."

सारंगनं घागर खाली ठेवली. "मंग मामा, सुपारी कवा?"

"फुटली की. व्यंकटरावाच्या हरिओमसंगं. तुमी राग धरू नका. दस्तूर तुमाला सांगितलाच होता, पोरगी घर बगून द्यायची. घर त्यायचं हाय. तुमी त्यात नुसते उभे हाव."

सारंग माळ्यावर बसून रडला. उघड्या विटांच्या घरात हुंदका घुमतो, हे त्याला तेव्हा कळलं. संध्याकाळी त्यानं न राहवून ईश्वरीला फोन लावला.

"तुमी तरी न्हाई म्हनायचं होतं."

"म्हनले असते," ती हळूच म्हणाली. तिचाही आवाज ओला होता. "पन तुमी महिनाभर फोनवर मला घरच दाखवायलाव. तुमी कुटं दिसलाव? आन् हरिओमच्या घरचे त्या माळ्यावर राहत न्हाईत. नव्या कॉलनीत स्लॅबचं घर हाय त्यायचं. घरात नळ हाय."

समितीनं तातडीची बैठक घेऊन भाडेकरूच्या दुःखाबद्दल सहानुभूतीचा ठराव एकमतानं मंजूर केला. व्यंकटरावांनी स्वतः येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "चेहरा असाच ठिवा, सारंगराव," ते म्हणाले. "फोटोत लय उतरतो."

आणि उतरलाच. हरिओम आणि ईश्वरीचे फोटो लॉफ्टवरच निघाले. त्यातला एक तुम्हीही पाहिलाय, मोबाइलवर, जेवता जेवता. विटांची भिंत, पिवळा उजेड, नवरी नवऱ्याकडं बघतेय, आणि मागं खाली मान घातलेला फेटेवाला. तुम्ही बदाम टाकलात. 'किती अस्सल!' असंही लिहिलंत. ठिकाण कुठलं, तारीख मिळेल का, असं खाली विचारणारेही तुम्हीच.

समिती कळवते की तारीख मिळेल. मागचा माणूस त्याच दरात आहे.