तीन गाठींची नाडी

कुंदाताई पेडणेकर तुम्हाला पहिल्यांदा भेटल्या, तर बोलता बोलता त्या पर्समधून परकराची पांढरी नाडी काढतील. घाबरू नका. नाडीचं एक टोक त्या टिकलीखाली, नाकाच्या मुळाशी धरतील, दुसरं समोरच्या वस्तूपर्यंत ताणतील आणि नुसतं "हं" म्हणतील. ती वस्तू हॉटेलातलं मेन्यूकार्ड असेल, बँकेतल्या बाईंचा काउंटर असेल, नाहीतर तुम्ही स्वतः असाल.

"ताई, मोजायची टेप का नाही ठेवत?" असं मी एकदा विचारलं होतं.

"टेप सेंटिमीटर सांगते. माका सेंटिमीटर काय करायचेत? माका माझा अंतर हवा."

रागावल्या की त्यांच्या तोंडात मालवणी येते. शांत असल्या की त्या शुद्ध बोलतात. पण असं शुद्ध मराठी आमच्या ऑफिसात फार वेळ ऐकू येत नाही.

या नाडीला इतिहास आहे. लालबागची त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, तेव्हा नव्या स्वयंपाकघराचा कट्टा कबूल केल्यापेक्षा दोन बोटं आखूड निघाला. सगळे शेजारी किल्ल्या घेऊन मोकळे झाले. कुंदाताईंनी नाडी ताणून बिल्डरच्या माणसाला ती दोन बोटं दाखवली आणि कट्टा पुरा होईपर्यंत किल्ली घेतली नाही. "दोन बोटांत काय होतं?" असं तो माणूस म्हणाला, तर त्याला म्हणाल्या, "मग तुझ्या पँटीची दोन बोटं काढून दे."

मी त्यांना ओळखतो ते गिरगावातल्या ऑफिसमुळे. जुने दस्तऐवज, भाडेपट्टे, मृत्युपत्रं यांचा अनुवाद करून टाइप करून द्यायचा, हे आमचं काम. मालक अभयसाहेब, कुंदाताई आणि मी, एवढीच माणसं. कुंदाताईंना अभयसाहेबांच्या वडिलांनी नोकरीला ठेवलं, तेव्हा अभयसाहेब शाळेतून येऊन त्यांच्या टाइपरायटरवर स्वतःचं नाव बडवायचे. ही गोष्ट कुंदाताई त्यांना विसरू देत नाहीत.

मी करमाळ्याचा. वडील बाजारात हमाली करायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. मुंबईत आलो तेव्हा मला इंग्रजी लिहिता येत होतं, पण इंग्रजीत कोणी बोललं की घाम फुटायचा. कुंदाताईंनी मला दस्त वाचायला शिकवलं, वकिलांशी फोनवर कसं बोलायचं ते शिकवलं. त्या शिकवत असताना मला रोज ऐकावं लागे, "सोमनाथ, तुझ्या करमाळ्यात स्वल्पविराम विकत मिळत नाही काय रे?" हे सगळं मी आनंदाने ऐकून घेतलं. माझ्या पगारातून घरी जो गॅस आणि जो पंखा आला, त्यात त्यांच्या शिव्यांचा वाटा आहे.

गडबड झाली ती एका आकड्यावरून.

आमच्याकडे टाइप झालेला प्रत्येक दस्त ताडून पाहायची पद्धत आहे. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर बघत जायचं. मी वाचायचो, कुंदाताई बघायच्या. त्या सुमारास त्यांचा जुना वाचायचा चष्मा त्यांना दगा देत होता. हातातला कागद स्वच्छ दिसायचा, पण पडदा धुरकट. मग त्या खुर्चीच्या टोकावर येऊन, कासवासारखी मान पुढे काढून बघायच्या आणि चारच्या चहापर्यंत त्यांचं कपाळ ठणकायला लागायचं. अशात एका जमिनीच्या दस्तात सर्व्हे नंबर ८८ च्या जागी ८३ पडला. इंग्रजी आकडे, आठ आणि तीन तसे भाऊ-भाऊच. वकिलांकडून कागद परत आला, तोही चार शब्द ऐकवून.

अभयसाहेब भला माणूस आहे. ते हळू आवाजात म्हणाले, "कुंदाताई, तुम्ही आता आवक-जावकचं टेबल सांभाळा. तुमच्या कॉम्प्युटरवर सोमनाथ बसेल. तुमच्या डोळ्यांनाही जरा आराम."

"डोळ्यांना आराम मी झोपेत देते. ऑफिसात त्यांना काम असतं."

"अहो, वयानुसार होतंच हे."

"वय माझं झालंय, अभयसाहेब. खुर्चीचं नाही झालं. आणि डोळे ठीक आहेत, अंतर चुकलंय."

शेवटी ठरलं, की गणपतीची सुट्टी संपली की एक मोठा भाडेपट्टा येणार आहे, तो कुंदाताईंनी करायचा. त्यात एक जरी आकडा चुकला, तर खुर्ची माझी.

मला ती खुर्ची नको होती. पण नको म्हणायची हिंमतही नव्हती. मी मान खाली घालून टाइप करत बसलो. कुंदाताई दुपारभर टेबलांचे खण आपटत फिरत होत्या. संध्याकाळी अचानक माझ्यासमोर आल्या, नाडीचं एक टोक माझ्या नाकाला लावलं आणि दुसरं माझ्या पडद्याला.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. माझ्या खुर्चीत नाक खुपसायला तुला किती पुढे यावं लागेल ते बघतेय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाडीला एक गाठ मारून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून चष्म्याची मोहीम सुरू झाली. नाडीवर आता आणखी दोन गाठी आल्या होत्या. जवळची कागदाची, लांबची पडद्याची. बॅगा धरायला म्हणून मला बरोबर घेऊन त्या दादरच्या एका चकचकीत दुकानात शिरल्या. सगळीकडे आरसे, गारेगार हवा, आणि टाय लावलेला सेल्समन.

"या आंटी, बसा."

"आंटी तुझ्या घरी. मी चष्मा घ्यायला आलेय, नातं जोडायला नाही."

त्याने त्यांच्या हातात वाचायचं कार्ड दिलं. कुंदाताईंनी ते इतक्या वर्षांच्या सवयीने दस्त धरतात तसं धरलं आणि खाडखाड वाचून दाखवलं. तो "परफेक्ट!" म्हणाला. पडदा हातात धरून कोणी काम करत नाही, हे त्यालाही सुचलं नाही आणि आम्हालाही. मग त्याने एक निळा टॉर्च काढला. साध्या काचेतून निळा ठिपका आरपार गेला, महागड्या काचेतून गेला नाही.

"बघा मॅडम, कॉम्प्युटरचा निळा प्रकाश इथेच अडतो."

"माझ्या कॉम्प्युटरमध्ये असा टॉर्च कुठे बसवलाय, ते येऊन दाखव. मग घेते."

टॉर्च गुपचूप खिशात गेला. पण "एकाच काचेत लांबचं, मधलं, जवळचं, सगळं" या वाक्याला मात्र त्या फसल्या. तसा चष्मा करून आणला.

पुढचे दोन आठवडे कुंदाताई हनुवटी छताकडे करून काम करत होत्या. त्या काचेत वरून लांबचं दिसे, खालून जवळचं. पडदा दिसायचा तो मधल्या चिंचोळ्या पट्टीतून, आणि ती पट्टी पडद्यावर आणायची तर मान वर करावीच लागे. आलेल्या पक्षकारांना वाटे, बाई आपल्याला तुच्छ लेखतात. एक गृहस्थ तर, बाई बसायला सांगतील म्हणून, अर्धा तास उभे राहिले. ऑफिसभर बामचा वास सुटला.

आम्ही परत दादरला गेलो. सेल्समन म्हणाला, "सवय होईल, मॅडम."

"सवय कोणी करायची? चष्मा माझ्यासाठी आहे, मी चष्म्यासाठी नाही. हे बघ, तीन मजली इमारतीत मी मधल्या मजल्यावर राहते. आणि तू वरच्याला गॅलरी दिलीस, खालच्याला अंगण दिलंस आणि मला दिलीस एक फट! आठ तास मी त्या फटीतून बघायचं?"

दुकानातली इतर गिऱ्हाईकं आपापले चष्मे काढून बघायला लागली. सेल्समनने चष्मा परत घेतला. मला वाटतं, आम्ही लवकर जावं म्हणून घेतला असावा.

शेवटी गिरगावातच, ऑफिसमागच्या गल्लीत, साठेकाकांचं दुकान सापडलं. दुकान कसलं, दोन कपाटांमधली बोळ. साठेकाकांनी कार्ड हातात दिलंच नाही. आधी विचारलं, "काम काय करता? पडदा किती लांब असतो?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. कुंदाताईंनी पर्स उघडून नाडी काढली, एखादी बाई दागिना काढून दाखवते तशी. साठेकाकांनी पडद्याची गाठ बघितली, मान डोलवली आणि त्या अंतरावर भिंतीवरचं कॅलेंडर यावं म्हणून खुर्ची मागे सरकवली. खुर्चीचे मागचे दोन पाय गल्लीत गेले. कुंदाताई अर्ध्या रस्त्यात बसून एकादश्या आणि संकष्ट्या वाचत होत्या आणि येणारे-जाणारे त्यांना वळसा घालत होते.

"पडद्यासाठी वेगळा चष्मा करा. नंबर तुमच्या वाचायच्या नंबरपेक्षा कमी लागेल."

"कमी का? मी काय कमी बघते?"

"पडदा लांब आहे, बाई. तिथवर पोचायला काचेला जोर कमी लागतो."

हे त्यांना पटलं. तरी फ्रेमवरून त्यांनी काकांना तासभर पिडलं. नाकावरून घसरणारी एकही फ्रेम त्यांना चालेना. "घसरली की अंतर बदललं. मग गाठ मारून उपयोग काय?"

नवा चष्मा आला. कुंदाताईंनी घरून पोथी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड आणलं आणि मूळ कागद त्यावर, पडद्याच्या शेजारी, त्याच अंतरावर उभा केला. अभयसाहेब म्हणाले, "ऑफिसात पोथी?" त्या म्हणाल्या, "पोथीच आहे. एक आकडा चुकला तर पाप लागतं." पाठ खुर्चीला टेकवून, मान सरळ ठेवून त्या टाइप करायला लागल्या. चार वाजले तरी कपाळ ठणकलं नाही. बामची बाटली त्यांनी अभयसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "तुम्हाला लागेल," म्हणाल्या.

गणपती झाले. भाडेपट्टा आला. चाळीस पानं, सगळीकडे आकडेच आकडे. ताडून पाहायच्या दिवशी अभयसाहेब स्वतः खुर्ची घेऊन शेजारी बसले. मी मूळ कागद वाचत होतो, कुंदाताई पडद्यावर बघत होत्या. तिसाव्या पानापर्यंत एक चूक नाही.

"सर्व्हे नंबर त्र्याऐंशी," मी वाचलं.

"अठ्ठ्याऐंशी," कुंदाताई म्हणाल्या.

"ताई, त्र्याऐंशी आहे."

"मी अठ्ठ्याऐंशी टाइप केलंय आणि ते अठ्ठ्याऐंशीच आहे."

अभयसाहेबांनी एक सुस्कारा सोडला आणि माझ्या हातातून कागद घेतला. बराच वेळ बघितला.

"अठ्ठ्याऐंशीच आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघायला लागले.

"शाई उडालीय तिथली," कुंदाताई पटकन म्हणाल्या. "जुन्या कागदावर कोणीही फसेल. वाच रे पुढे."

शाई उडालेली नव्हती. मी कागद नाकाजवळ धरला तेव्हा दोन्ही आठ ठसठशीत दिसले. उरलेली दहा पानं मी कशी वाचली, माझं मला माहीत. एकही चूक निघाली नाही. अभयसाहेब उठले, कुंदाताईंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बसा निवांत." कुंदाताई म्हणाल्या, "उठले होते कधी?"

पण माझ्या डोक्यात पहिला दस्त फिरत होता. त्या दिवशीही मीच वाचत होतो. पडद्यावर काय आहे हे त्यांना धड दिसत नव्हतं. मी त्र्याऐंशी म्हणालो, तेव्हा त्या क्षणभर थांबल्या होत्या. "मी तर अठ्ठ्याऐंशी टाइप केल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या होत्या. आणि मग, "असो, तुझे डोळे तरुण आहेत, तू म्हणतोस तेच खरं," असं म्हणून त्यांनी आकडा बदलला होता.

कित्येक महिने मला अक्षरं दुहेरी दिसत होती. टाइप करताना मी पडद्यावरचं अक्षर दीडपट मोठं करून ठेवायचो. कोणाला सांगितलं नाही. आमच्याकडे तरण्या पोराला चष्मा लागला की आई लोकांना सांगते, "शिकून शिकून डोळे घालवले." मला ते ऐकायचं नव्हतं.

संध्याकाळी मी कुंदाताईंसमोर उभा राहिलो. "ताई, तो पहिला आकडा माझा होता. मी आत्ता साहेबांना सांगून येतो."

"सांग की. पण चष्मा लावून सांग. माफी मागताना समोरच्याचं तोंड नीट दिसायला हवं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कागद परत आला तेव्हा मूळ प्रत काढून बघितली. मी काय आंधळी आहे?"

"मग तुम्ही साहेबांना बोलला का नाहीत? तुमची खुर्ची जात होती!"

"खुर्ची मी माझ्या जोरावर ठेवणार होते. तुझ्या नावावर कशाला?"

त्यांनी पर्स उचलली आणि मला जवळजवळ ढकलतच साठेकाकांच्या दुकानात नेलं. मला गल्लीतल्या खुर्चीवर बसवून नाडी काढली. साठेकाका पडद्याची गाठ शोधायला लागले.

"ती माझी," कुंदाताई म्हणाल्या. "ही तिसरी धरा. ही याची आहे. माझ्यापेक्षा पुढे वाकून बसतो मेला. हे अंतर घ्या आणि नंबर काढताना चार बोटं मागे सरकवा. सरळ बसायला शिकू दे."

नाक खुपसण्याचं माप म्हणून घेतलेली गाठ ती. आणि ते माप घेतलं त्याच दिवशी ठरलं होतं, की एक आकडा चुकला तर महिन्याभरात त्यांच्या जागी मी बसलेला असेन.

मी विचारलं, "ताई, साहेबांनी तुम्हाला उठायला सांगितलं, त्याच दिवशी घेतलंत ना हे माप?"

"मग कधी घेणार?" माझ्या नाकावर नाडीचं टोक दाबत त्या म्हणाल्या. "एरवी तू चुळबुळ करत असतोस. त्या दिवशी दगडासारखा बसला होतास, म्हणून बरोबर मिळालं. आता हलू नको."