पडद्याच्या कडेबाहेर

"बटण दाबतोय, पण काही होतच नाही!" सासरे ओरडले. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या नव्या शाखेचं तासाभरात उद्घाटन होतं आणि वेबसाइट जावयाने बनवली होती. 'आमच्याविषयी' हे बटण दाबलं की खालची लपलेली चौकट अलगद सरकत उघडायला हवी होती.

जावयाला घाम फुटला. चौकट लपलेली असतानाच कॉम्प्युटर तिची उंची मोजत होता आणि ती भरत होती शून्य. मग ती उघडून उघडणार किती?

त्याने शक्कल लढवली. चौकटीची हुबेहूब प्रत करून ती पडद्याच्या उजव्या कडेबाहेर ठेवली. कुणाला दिसणार नाही, पण मोजता येईल! लांबलचक मजकूर चालतो का ते बघायला त्याने प्रतीत मनात येईल ते टाइप केलं. चौकट झोकात उघडली. मग सासऱ्यांचा खरा मजकूर चौकटीत घालून त्याने सुटकेचा श्वास सोडला. प्रत पुसायची मात्र राहूनच गेली.

पाहुणे बसले. लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. टीव्ही लॅपटॉपच्या दुप्पट रुंद! कडेबाहेरचं सगळं आत आलं.

सासूबाईंनी चष्मा सावरून मोठ्याने वाचलं, "'गाडी मागे घ्यायची म्हटलं की आमच्या सासऱ्यांचे हात थरथरतात. सासूबाई खाली उतरून दिशा दाखवतात, तरी गाडी फाटकाला घासतेच.'"

"अहो, हे काय?" जावयाची बायको त्याच्या कानात कुजबुजली.

जावयाने घाबरून दिसेल ते बटण दाबलं. अक्षरं आणखी मोठी झाली. सासऱ्यांचा चेहरा लालबुंद. आता हा माणूस आपल्याला घरात घेत नाही, जावयाने मनाशी ठरवूनच टाकलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. "सर, खरंच तुम्हालासुद्धा भीती वाटते?"

सासरे हळूच म्हणाले, "मागे घेताना... थोडीशी."

"मग माझं नाव लिहून घ्या. आजवर ज्यांच्याकडे शिकायला गेले ते सगळे नुसते खेकसायचे."

"माझंपण!" शेजारचे आजोबा म्हणाले. बघता बघता टेबलाभोवती गर्दी झाली.

संध्याकाळी सासऱ्यांनी जावयाला बाजूला घेतलं.

"तो मजकूर ठेवा."

"चालेल, बाबा. चौकटीतच घालतो. बटण दाबलं की छान सरकत उघडेल."

"बटण कशाला? सगळ्यात वर टाका. उघडाच."